विसरलेले पदार्थ

आईने चोवीस तासांत एकूण ५६० कॅलरी खाल्ल्या, असा हिशेब मी वर्गात सादर केला तेव्हा बाईंनी कागदाच्या समासात लाल पेनाने एकच प्रश्न लिहिला : या आजारी आहेत का?

आई ठणठणीत होती. सांगलीच्या घरात दिवसातून सहा वेळा जिना चढत-उतरत होती. गृहपाठ साधा होता. साठीच्या पुढच्या कुणा एकाला गाठायचं आणि काल सकाळपासून आज सकाळपर्यंत त्याच्या पोटात काय काय गेलं ते विचारून लिहायचं. मी न्यू जर्सीतून फोन लावला. आई म्हणाली, "सकाळी चहा. दुपारी एक पोळी न् दोडक्याची भाजी. चार वाजता चहा. रात्री आमटीभात, थोडासा."

"थोडासा म्हणजे किती?"

"अगं, थोडासा म्हणजे थोडासा. तू शाळेत जातेस की कोर्टात?"

तेव्हा मी सेहेचाळीस वर्षांची होते आणि खरोखरच शाळेत जात होते. आमच्या कौंटीच्या कम्युनिटी कॉलेजात, दोन वर्षांच्या डाएटेटिक टेक्निशियनच्या अभ्यासक्रमाला. वर्गात माझ्या मुलीहून लहान मुली होत्या, सैन्यातून परत आलेला एक आडदांड गृहस्थ होता, आणि शेवटच्या बाकावर मी. सांगलीत सहकारी बँकेच्या काउंटरवर सहा वर्षं नोटा मोजलेली, मग लग्न होऊन इकडे आलेली आणि नवऱ्याच्या व्हिसावर कितीतरी वर्षं 'काम करण्यास परवानगी नाही' या शिक्क्याखाली राहिलेली. ग्रीन कार्ड आलं तेव्हा मुलगी हायस्कुलात होती आणि माझ्या हाताला काम नव्हतं.

टेक्निशियन म्हटल्यावर सासऱ्यांना वाटलं, मी टीव्ही-फ्रिज दुरुस्त करायला शिकणार. मावशीने विचारलं, "म्हणजे डाएटिशियन ना?" नाही म्हटलं, तिच्या हाताखालची. "अगोबाई, मग हाताखालचं कशाला शिकायचं? वरचंच शीक की." वरचं शिकायला चार वर्षांची पदवी लागायची, वर इंटर्नशिप. (आणि १ जानेवारी २०२४ पासून तर पदव्युत्तर पदवी नसेल तर त्या परीक्षेला बसताच येत नाही.) आमचं दोन वर्षांचं काम. वर्गातला अभ्यास, प्रत्यक्ष कामाचे ४५० तास, मग संगणकावर परीक्षा. डाएटिशियन योजना ठरवते. टेक्निशियन माणसाशी बोलते, वजन पाहते, ताट तपासते, काय खाल्लं आणि काय उरलं ते लिहून वर पाठवते. अमेरिकेत नोंदणीकृत डाएटिशियन लाखाच्या वर आहेत, आम्ही त्यांच्या मानाने मूठभर. हाताखालचं खरं, पण ताटाच्या जवळचं.

तर लाल शेऱ्याचा तो कागद घेऊन मी बाईंसमोर उभी राहिले. त्यांनी विचारलं, "दुसरी फेरी घेतली होतीस का?"

अमेरिकेच्या शेतीखात्याने ही मुलाखत घेण्याची पाच फेऱ्यांची रीत बसवली आहे. पहिल्या फेरीत माणसाला अडवायचं नाही, आठवेल तसं सांगू द्यायचं. तिसरीत वेळ आणि प्रसंग विचारायचा, चौथीत प्रमाण आणि पाककृती, पाचवीत शेवटचं एकदा 'आणखी काही?' आणि पहिलीच्या लगेच मागे, दुसऱ्या क्रमांकावर, एक फेरी आहे तिचं नावच 'विसरलेले पदार्थ'. माणसं नेहमी काय सांगायचं विसरतात याची यादीच तिथे दिलेली असते : पेयं, गोड, चिप्ससारखं चरायचं काही, फळं, चीज, ब्रेड. एकेक नाव घेऊन विचारत जायचं.

ती यादी मी आईला वाचून दाखवली. ज्यूस? नाही. आइस्क्रीम? नाही. चीज? "घरात नसतंच." पाच मिनिटांत यादी संपली आणि हाती काही लागलं नाही. कारण आई जे विसरली होती ते त्या यादीत नव्हतं. मग मी कागद बाजूला ठेवला आणि आमच्या स्वयंपाकघरात मनानेच उभी राहिले. भाजीचं मीठ बघताना तळहातावर घेतलीस का? घेतली. भाच्याने ताटात काय टाकलं? अर्धी पोळी, तुपासकट. ती कुणी खाल्ली? "मग काय फेकू?" कढई घासायला टाकण्याआधी? पोळीच्या तुकड्याने पुसून घेतली. दुधाच्या पातेल्याची खरवड? देवाच्या वाटीतलं दूध-साखर? डब्यातले शेंगदाणे येता-जाता? एकेका प्रश्नाला आई आधी हसत होती, मग जरा चिडली. "त्याला काय खाणं म्हणायचं का?"

हिशेब अकराशेच्या पुढे गेला.

आईच्या त्या वाक्यावर मी फार दिवस अडकून होते. आई खोटं बोलली नव्हती, विसरलीही नव्हती. तिच्या लेखी पान मांडून, बसून, वाढून घेतलेलं तेवढंच खाणं. ओट्याशी उभ्याने पोटात गेलेलं सगळं आवराआवरीत मोडतं. उष्टं-उरलं संपवणं हे भांडी घासण्याच्या जातीचं काम, आणि भांडी घासलेल्याच्या कॅलरी कुणी सांगत नाही. लग्न होईपर्यंत तिच्या हातचं जेवले, पण तू काय जेवलीस हे मी तिला पहिल्यांदा विचारलं ते दहा गुणांच्या गृहपाठासाठी.

मोजण्याच्या या विद्येचं मूळ फार जुनं नाही. विल्बर अॅटवॉटर नावाचा एक रसायनशास्त्रज्ञ कनेटिकटमधल्या मिडलटाउनला, वेस्लियन विद्यापीठात होता. १८९० च्या दशकात त्याने एक खोली बांधली, इतकी घट्ट की आतल्या माणसाच्या अंगातून निघालेली उष्णता मोजता यावी. त्या खोलीत माणसं दिवसच्या दिवस राहायची, जेवायची, झोपायची, व्यायाम करायची, आणि बाहेरची मंडळी आत गेलेलं आणि बाहेर आलेलं सगळं मोजत बसायची. पिष्टमयाच्या एका ग्रॅमला चार, प्रथिनाच्या एका ग्रॅमला चार, स्निग्धाला नऊ, हे जे आकडे आज बिस्किटाच्या पुड्यामागचा तक्ता भरायला वापरतात ते त्याच्या कामातून आले. आम्हाला पहिल्या आठवड्यात ४-४-९ पाढ्यासारखं घोकायला लावलं होतं.

त्याच काळात, १८९६ मध्ये, बोस्टनच्या फॅनी फार्मरबाईंचं पाकशास्त्राचं पुस्तक आलं. चमचा शिगेचा घ्यायचा नाही, वरून सुरी फिरवून सपाट करायचा, हा त्यांचा आग्रह. सोळाव्या वर्षी अर्धांगाचा झटका येऊन ही बाई अंथरुणाला खिळली होती. पुढे बरी झाली, लंगडत चालली, आणि १९०४ मध्ये आजारी माणसांच्या स्वयंपाकावर तिने वेगळं पुस्तक लिहिलं. दुखणेकऱ्याच्या ताटाबद्दल ज्यांनी लिहिलंय त्यातल्या पुष्कळांचं स्वतःचं दुखणं कुठेतरी मागे असतं, असं मला वाटतं. कमलाबाई ओगल्यांच्या १९७० च्या 'रुचिरा'ने वाटी न् चमचा हे माप आमच्या घराघरांत नेलं. त्या पिढीच्या नव्या नवरीची केवढी सोय झाली! तरी आईची 'रुचिरा' फडताळात उभी असायची आणि आई अंदाजपंचे. अमेरिकेचा कप २४० मिलिलिटरचा, आमच्या घरची वाटी मी मोजून पाहिली तर दीडशेची. आणि मांसाचा तुकडा किती, तर पत्त्यांच्या कॅटाएवढा, म्हणजे तीन औंस. भाकरी कशाएवढी हे मात्र कुठल्याच तक्त्यात नव्हतं. संगणकात 'भाकरी' टाकलं की 'सापडले नाही' असं यायचं. मी मग तिथे निमूटपणे ज्वारीचं पीठ, ग्रॅम साठ, असं भरायची.

अन्नसुरक्षेचा तास मला सगळ्यात जड गेला. रसायनशास्त्र परवडलं. ४१ ते १३५ अंश फॅरनहाइट हा धोक्याचा पट्टा, शिजलेलं अन्न त्यात रेंगाळता कामा नये. गरम पातेलं दोन तासांत १३५ वरून ७० वर आणि पुढच्या चार तासांत ४१ वर उतरलं पाहिजे, नाहीतर फेकायचं. मी वहीत उतरवून घेत होते आणि डोळ्यांपुढे आमचा ओटा येत होता. रात्रभर झाकून ठेवलेली, दुसऱ्या दिवशी 'मुरलेली' आमटी. सकाळचा फोडणीचा भात. कोपऱ्यात उबेला ठेवलेलं विरजण. इडलीचं पीठ तर आम्ही मुद्दाम धोक्याच्या पट्ट्यात झोपवतो आणि सकाळी फुगलं की खूष होतो. मी हे वर्गात बोलून दाखवलं. बाई शास्त्र जाणणाऱ्या होत्या. म्हणाल्या, आंबवणं वेगळं, तिथे आम्ल वाढतं, ते राखण करतं. आणि शिळा भात? त्यावर त्या माझ्याकडे नुसत्या बघत राहिल्या. शिजलेल्या भातात टिकून राहणारा एक जिवाणू आहे, त्याचं प्रकरण पुढच्याच पानावर होतं. त्या दिवसापासून आमच्या घरी भात उरला की लगेच फ्रिजमध्ये जातो. फोडणीचा भात अजून होतो, पण पूर्वीसारखा निष्पाप लागत नाही.

कामाचे पहिले दीडशे तास रुग्णालयाच्या स्वयंपाकघरात गेले. तिथे ट्रे-लाइन असते. सरकत्या पट्ट्यावर ताटं पुढे जातात, प्रत्येकावर एक चिठ्ठी : नाव, खोली, पथ्य. हृदयाचं, किडनीचं, साखर मोजून, नुसतं पातळ. एकजण गरम वाढतो, एकजण थंड, शेवटी तपासणारी उभी. वाढायच्या डावांना नंबर असतात आणि ते उलटे चालतात. आठ नंबरचा डाव अर्ध्या कपाचा, सोळाचा पाव कपाचा. एका क्वार्टात किती डाव बसतात त्यावरून नंबर. आकडा वाढला की डाव लहान, हे अंगवळणी पडेपर्यंत मी दोन दिवस लोकांना दुप्पट बटाटा वाढला. तक्रार एकानेही केली नाही.

तिथेच मऊपणाचे प्रकार शिकले. पक्षाघातानंतर ज्यांना गिळता येत नाही त्यांना साधं पाणीही घातक, ते श्वासनलिकेत उतरतं. म्हणून पाण्यात पूड घालून ते दाट करायचं. तेव्हा 'नेक्टर'सारखं आणि 'मधासारखं' अशी नावं होती. २०१९ मध्ये इथे ० ते ७ अशी आंतरराष्ट्रीय शिडी आली, काट्याच्या दात्यांतून किती ओघळतं हे बघून पायरी ठरवायची. मला ती शिडी पाठ करावी लागली नाही. तांदळाची पेज, कण्हेरी, गुरगुट्या भात, आटवल, बाळाचं खिमट, या एकेका नावात किती दाट, किती गाळलेलं, कुणासाठी, हे सगळं भरलेलंच आहे. पथ्य या शब्दाभोवती आपल्याकडे केवढा मऊपणा जमलाय! फक्त तो कुणी शिडीवर चढवून ठेवला नाही.

मग शेवटचे दोन महिने एका वृद्धाश्रमात. आश्रम हा शब्द चुकीचाच. तिथे परिचारिका असतात, औषधं असतात, दर आठवड्याला वजन असतं. पहिल्याच सोमवारी माझ्या हातात एक कागद आला. ब्याऐंशी वर्षांच्या बाई, भारतीय, शाकाहारी. महिन्यात ११२ पौंडांवरून १०६ वर. महिन्यात पाच टक्क्यांहून जास्त घट झाली की लाल खूण होते. ही पाचाच्या पुढे गेली होती. माझ्या वरच्या डाएटिशियनबाई म्हणाल्या, "तू त्यांची भाषा बोलतेस ना?" भारतात भाषा किती हे मी त्यांना आधी सांगून झालं होतं, पण आडनाव वाचलं आणि गप्प बसले. आडनाव साताऱ्याकडचं होतं.

गळ्यात तुळशीची माळ, डोक्यावरून पदर, पायात रबरी तळव्यांचे मोजे. मी "आजी, जेवलात का?" म्हटलं तर त्यांनी माझा हात धरला तो सोडेचनात. "कुणाची गं तू?" मी सांगलीची म्हटल्यावर, "मग जवळचीच की." तिथून सांगली तेरा हजार किलोमीटर होती.

आजींच्या खाण्याचा तक्ता भरलेला होता. प्रत्येक जेवणाला ताटातलं किती टक्के संपलं ते मदतनीस लिहितात : २५, ५०, ७५, १००. नाकारलं तर शून्य. सकाळी ७५, दुपारी ७५, कधी ५०. बरं दिसत होतं. आणि मध्येच अख्खा दिवस शून्य. शेजारी शेरा : 'हात जोडून नको म्हणतात.' मी दोन महिन्यांचे कागद मांडले. असे शून्याचे चार दिवस, मध्ये साधारण पंधरा-पंधरा दिवसांचं अंतर. मी ते अंतर बोटांवर मोजलं आणि मला हसू फुटलं. माळकऱ्याच्या कागदावर पंधरवड्याने शून्य येतं म्हणजे दुसरं काय असणार?

"एकादशीला काय खाता आजी?"

"काही नाही. उपास असतो."

मी दुसरी फेरी सुरू केली, आमच्याकडची. आजींनी ड्रॉवर उघडला. लेक रविवारी राजगिऱ्याचे लाडू आणून ठेवते. दोन लाडू, मूठभर शेंगदाणे, खजूर. "पण त्याला काय खाणं म्हणायचं का?" तेच वाक्य, त्याच सुरात. म्हणजे शून्य हे शून्य नव्हतं. एकादशी अन् दुप्पट खाशी म्हणतात तेवढं नसेल, पण तीनशे कॅलरी तरी होत्याच.

मग ७५ टक्क्यांच्या दिवशी वजन का उतरावं? ते कळायला मला तिथे बसून ताट बघावं लागलं. शाकाहारी ताट म्हणजे चीजचं सँडविच, नाहीतर कॉटेज चीज आणि डब्यातलं पीच. आजींनी ब्रेड उचलला, टिश्यूत गुंडाळला, पदराआड ठेवला. चीज शेजारच्या पोलिश बाईंच्या ताटात गेलं, त्यांनी बदल्यात हसून मान हलवली. हा व्यवहार रोजचा दिसला. दुपारी चाकाच्या खुर्चीवरून अंगणात नेलं की तो ब्रेड चिमण्यांना. मदतनीस मुलगी ताट उचलायला यायची तेव्हा ते पाऊण रिकामं असायचं. ती प्रामाणिकपणे ७५ लिहायची. उपासाच्या दिवशी खाल्लेलं कागदावर नव्हतं आणि कागदावरचं खाल्लेलं चिमण्यांच्या पोटात होतं.

"तसं सांगायचं नाही का, की हे आवडत नाही?"

"पानात वाढलेलं टाकू नये गं. आणि त्या पोरीला वाईट वाटतं."

मी सगळं लिहिलं. टेक्निशियनने निदान करायचं नसतं, फक्त लिहायचं, आणि ते मी पानभर लिहिलं. डाएटिशियनबाईंनी वाचलं, दोनदा वाचलं, सही केली. चीज बंद झालं. त्या जागी शिजवलेले मसूर, भात, दही, आणि संध्याकाळी पीनट बटर लावलेलं केळं, जे आजींना आधी विचित्र आणि मग फारच आवडलं. उपासाच्या दिवसासाठी वेगळी चिठ्ठी ठरली : भाजलेलं रताळं, दही, शेंगदाणे, फळ. अमेरिकेच्या स्वयंपाकघरात रताळ्याला तोटा नाही. साबुदाणा मी सुचवलाच नाही. शंभर ग्रॅमला साडेतीनशे कॅलरी आणि प्रथिन नावापुरतं, हे आता मला माहीत होतं, पण खरं कारण हे की तो कसा भिजवायचा हे तिथल्या मुख्य आचाऱ्याला समजावण्याची माझी हिंमत नव्हती.

संगणकात मी पथ्याचं नाव 'एकादशी' असं टाकलं, अर्थातच रोमन लिपीत. पट्ट्यावर चिठ्ठी आली तेव्हा जमैकाहून आलेल्या तपासणीसबाईंनी ती मोठ्याने वाचली, "वन एका डॅशी!" आणि पुढच्याने ओरडून उत्तर दिलं, "एका डॅशी, कमिंग!" दोनच खेपांत सगळ्या स्वयंपाकघराला ते नाव तोंडपाठ झालं. त्यांनी मला विचारलं की हा दिवस ठरवतं कोण. चंद्र, मी म्हटलं. "मग चंद्राला सांग, आम्हाला दोन दिवस आधी कळव, रताळी मागवावी लागतात."

म्हणून मी घरून कालनिर्णय नेलं आणि स्वयंपाकघराच्या फ्रिजवर लावलं. पुढच्या महिन्यातली तारीख लाल गोल करून द्यायला गेले तर तिथे दोन चौकोन, लागोपाठ. एकात स्मार्त एकादशी, दुसऱ्यात भागवत एकादशी. मुख्य आचारी माझ्या खांद्यावरून बघत होता. "यातली खरी कुठली?" माळकऱ्यांची भागवत, एवढं मला माहीत होतं, पण पंचांग मुंबईचं, आजी न्यू जर्सीत, आणि सूर्य दोन्हीकडे वेगळ्या वेळी उगवणार. कागदावर काही टाकण्याआधी विचारून घ्यावं, हे तर आता अंगात मुरलेलं. आजींच्या खोलीत गेले आणि पेच सांगितला.

आजींनी कालनिर्णयाचं पान हातात घेतलं, चष्मा लावला, बराच वेळ पाहिलं. वजन तोवर १०८ वर आलं होतं.

"दोन्ही दिवशी पाठव म्हणावं," त्या म्हणाल्या. "रताळं बरं असतं गं त्यांचं."